स्प्रिंग वजनासाठी, तेल उसळीसाठी

भाच्या, मागच्या शॉकअपला पाना लावायच्या आधी टायरची हवा बघ. क्वाड बाइकचा तो जाडजूड टायर ही तिची पहिली स्प्रिंग असते. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीन चाकांची एटीव्ही आणली, तेव्हा तिला शॉकअप नव्हतेच. सगळे गचके त्या फुगीर टायरांनीच खायचे. आजही स्पोर्ट क्वाडच्या मागच्या टायरला साधारण ४ ते ५ पीएसआय हवा पुरते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत आणि मडगार्डवरच्या स्टिकरवर असतो, तो पाहून घे. पंक्चरवाल्याचं गेज मोटारीच्या ३०-३५ पीएसआयसाठी असतं, त्यावर ४ आणि ६ मधला फरक दिसत नाही. कमी दाबाचं गेज वेगळं विकत घे आणि हवा सकाळी, टायर थंड असताना मोज. मागच्या दोन टायरांत थोडाही फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते आणि चालवणारा शॉकअपला दोष देत बसतो.

हवा झाली की चिमटा, म्हणजे मागचा एक्सल धरणारा स्विंगआर्म, बघ. मागची दोन्ही चाकं उचलून धर आणि चिमटा डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. खडखड लागली तर बुश किंवा बेअरिंग गेलेलं आहे. तुझ्या गाड्या नागावच्या पुळणीवर भाड्याने चालतात. तिथली वाळू आणि खारं पाणी चिमट्याच्या आणि लिंकेजच्या बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि आतल्या सुया गंजून घट्ट होतात. मग शॉकअप कितीही चांगला असो, मागचं चाक अडकत अडकत वर-खाली होतं. अशा गाडीचे स्क्रू दिवसभर फिरवलेस तरी हाती काही लागणार नाही. आधी बेअरिंग काढून, स्वच्छ करून, ग्रीस भरून बसव. माझ्याकडे ‘मागून फार आदळते’ म्हणून येणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याच या एवढ्यावरच बऱ्या होतात.

आता मुख्य गोष्ट. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते उस्ताद नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात सांगायचे: स्प्रिंग वजन पेलते, तेल उसळी आवरतं. शॉकअपचं सगळं शास्त्र या एका वाक्यात बसतं. बाहेर दिसते ती स्प्रिंग गाडीचं आणि माणसाचं ओझं उचलून धरते. आतलं तेल पिस्टनच्या बारीक भोकांतून आणि पातळ पत्र्यांखालून जाताना स्प्रिंगची हालचाल सावकाश करतं. वजनाची तक्रार तेलाच्या स्क्रूने मिटत नाही आणि उसळीची तक्रार स्प्रिंग आवळून मिटत नाही. तक्रार कोणत्या खात्यातली हे आधी ठरव.

इथे बहुतेकांची एक समजूत चुकते. स्प्रिंगवरची रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. दर मिलिमीटरला ५ किलो मागणारी स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसवलीस, तरी पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला ती ५ किलोच मागणार. रिंग आवळल्याने गाडी मागून उंच होते, एवढंच. स्प्रिंग कडक हवी असेल तर जाड तारेची दुसरी स्प्रिंग घालावी लागते. हे पक्कं डोक्यात राहिलं की अर्धी धडपड वाचते.

मग रिंग आवळायची तरी किती? ते टेपने मोजून ठरवायचं. याला सॅग म्हणतात: माणूस बसल्यावर गाडी किती बसते ते माप. पद्धत नीट बघून घे, कारण सगळ्यात जास्त आळस इथेच होतो.

फ्रेमखाली जॅक लावून मागची चाकं जमिनीवरून पूर्ण उचल. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर मागच्या ग्रॅब रेलवर, मडगार्डच्या प्लास्टिकवर नव्हे, एक चिकटपट्टी लाव. या दोन खुणांमधलं अंतर वहीत लिही. समज, ६४० मिलिमीटर भरलं. आता गाडी खाली उतरव. जो माणूस चालवणार त्याला हेल्मेट, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी, सगळं चढवून बसव. दोन्ही पाय फुटरेस्टवर, हात हँडलवर, नेहमी बसतो तिथेच बसलेला. पुढून एकाने गाडी धरायची. मागून दाबून सोड आणि गाडी हळूहळू वर येऊन थांबली की माप घे. मग थोडी वर उचलून सोड आणि खाली बसली की पुन्हा माप घे. सील आणि बेअरिंगच्या घर्षणामुळे दोन मापांत थोडा फरक येतो, त्यांची सरासरी धर. समज, ती ५५८ आली. ६४० मधून ५५८ गेले, राहिले ८२. हा तुझा सॅग.

मागच्या चाकाच्या एकूण वर-खाली प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश सॅग असावा. यामाहा रॅप्टर ७०० आर सारख्या स्पोर्ट क्वाडमध्ये हा प्रवास सुमारे २५६ मिलिमीटर आहे, म्हणजे ८० ते ८५ बरोबर. साध्या, कमी प्रवासाच्या गाडीला तोच हिशेब तिच्या आकड्यावर लाव. हा तिसरा भाग कशासाठी? चाकाला फक्त वर जायचं नसतं, खड्ड्यात खाली उतरायचंही असतं. सॅग अजिबात नसेल तर खड्डा आला की चाक हवेत लोंबकळतं आणि जमिनीवरची पकड सुटते. सॅग फार असेल तर छोट्या उंचवट्यालाही शॉकअप तळाला टेकतो आणि आतल्या रबरावर आदळतो.

आता त्याच माणसाला उतरव आणि गाडी एकटी असताना किती बसते ते मोज. तिच्या स्वतःच्या वजनाने २०-३० मिलिमीटर बसली तर स्प्रिंग त्या माणसाला योग्य आहे. माणसासकट सॅग बरोबर यावा म्हणून रिंग इतकी आवळावी लागली, की रिकामी गाडी जराही बसत नाही, तर स्प्रिंग त्याला मऊ पडते. उलट, रिंग जवळजवळ पूर्ण सैल ठेवली तेव्हा कुठे सॅग जमला आणि रिकामी गाडीच बरीच खाली बसली, तर स्प्रिंग त्याला कडक आहे. ५० किलोच्या मुलीला आणि १०० किलोच्या गड्याला एकच स्प्रिंग चालत नाही. दुकानदार काहीही सांगो, टेप खरं सांगते.

रिंग फिरवताना घाई करू नकोस. शॉकअपच्या अंगावरचे आटे बहुतेकदा ॲल्युमिनियमचे असतात आणि तुझ्याकडे ते वाळूने भरलेले असणार. आधी ब्रशने आणि गोड्या पाण्याने धू, वाळव, थोडं तेल सोड, मग लॉक रिंग सैल कर. मागची चाकं उचललेलीच असू देत, स्प्रिंगवर भार असताना फिरवू नको. हूक पाना वापर. छन्नी आणि हातोडी घेऊन रिंगच्या खाचेवर ठोकणारे मिस्त्री तुला भेटतील. त्यांच्या हातून निघालेल्या शॉकअपची रिंग पुढच्या खेपेला जागची हलत नाही. बऱ्याच शॉकअपवर रिंगचा एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर. पण शॉकअप चिमट्याला मधेच जोडलेला असल्यामुळे चाकापाशी फरक त्याहून बराच जास्त पडतो. म्हणून दोन फेरे, मग पुन्हा माप. पुस्तिकेत स्प्रिंगची कमीत कमी आणि जास्तीत जास्त लांबी दिलेली असते, तिच्या बाहेर जायचं नाही. ज्या गाड्यांना आट्यांऐवजी पायऱ्यांची रिंग असते त्यांचं काम सोपं असतं, पायरी बदलायची आणि मोजायचं. आणि ज्या युटिलिटी गाड्यांना मागे दोन शॉकअप आहेत, त्यांच्या दोन्ही रिंगा एकाच पायरीवर हव्यात.

उंची बदलली की चेनचा ताणही बदलतो. रिंग फिरवून झाल्यावर चेन तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. शॉकअप दबत जातो तसा एका जागी पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि एक्सल एका रेषेत येतात. तिथे चेन सगळ्यात ताठ होते. त्या जागीही तिला थोडा ढिलेपणा राहिलाच पाहिजे.

मागची उंची हा नुसत्या आरामाचा प्रश्न नाही. स्पोर्ट क्वाडच्या मागच्या दोन चाकांमध्ये एकच सलग एक्सल असतो, मोटारीसारखा डिफरेन्शियल नसतो. वळताना आतलं चाक आणि बाहेरचं चाक एकाच वेगाने फिरतात, म्हणून आतल्या चाकाला थोडं घसरावं लागतं, आणि ते घसरावं म्हणून माणसाने अंग आत झुकवून वजन बाहेरच्या फुटरेस्टवर टाकावं लागतं. मागची बाजू फार उंच केलीस तर वजन पुढे सरकतं, हँडल चटकन वळतं, पण गाडीचा भार उंचावतो आणि उतारावर पुढचं टोक खाली घुसतं. फार खाली ठेवलीस तर पुढचा भाग हलका होतो. वळणावर गाडी सरळ पुढे जायला बघते आणि चढावर पुढची चाकं उचलतात. सड्यावरच्या कातळाच्या चढणीला ही मागून बसलेली गाडी मागे उलटू शकते. मऊ कोरड्या वाळूत मात्र मागचं टोक किंचित खाली असलेलं बरं, पुढची चाकं रुतत नाहीत. एकच गाडी दोन्हीकडे फिरणार असेल तर मधलं माप ठेव आणि चढावर माणसाला पुढे सरकून, अंग पुढे झोकून बसायला शिकव.

आता तेलाकडे ये. स्प्रिंगचं काम झाल्याशिवाय तेलाच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

पहिला स्क्रू रिबाउंडचा. तो बहुतेक शॉकअपमध्ये खालच्या टोकाला, बोल्टच्या भोकाजवळ असतो. दाबलेला शॉकअप किती वेगाने उलटा वर येईल हे तो ठरवतो. आत, म्हणजे घड्याळाच्या दिशेने, फिरवला की परतणं सावकाश होतं, बाहेर फिरवला की जलद. आधी सध्याची जागा मोजून घे. हलक्या हाताने पूर्ण आत नेताना किती क्लिक झाले ते मोज आणि लिही. आत गेल्यावर जोर लावू नकोस, सुईचं टोक चेपतं आणि मग तो स्क्रू कायमचा खोटं सांगतो. तिथून कंपनीने सांगितलेले क्लिक बाहेर ये. सुरुवात तिथूनच.

फुटरेस्टवर उभा राहून मागचं टोक अंगाच्या भाराने दाब आणि सोड. ते एकदाच वर येऊन शांत बसलं पाहिजे. झटक्यात वर येऊन उसळलं तर रिबाउंड जलद आहे. तीनदा-चारदा डोलत राहिलं तर तेल गेलं किंवा सील फुटलं, मग स्क्रू सोड आणि शॉकअप उघडायला दे. ही गॅरेजमधली चाचणी. खरं माप वाटेवर कळतं. लागोपाठ उंचवट्यांवरून जाताना मागचं टोक बुडाला लाथ मारून वर फेकत असेल, तर रिबाउंड दोन क्लिक आत घे. पहिला उंचवटा मऊ गेला, दुसरा जरा कडक, चौथ्याला हाडं खिळखिळी झाली, तर समज की शॉकअपला परत वर यायला वेळच मिळत नाहीये. प्रत्येक उंचवट्याला तो अजून खाली बसत चालला आहे. अशा वेळी दोन क्लिक बाहेर. दोन्ही तक्रारी ऐकायला सारख्याच, ‘मागून आदळते’. उपाय मात्र उलटे. म्हणून गिऱ्हाइकाला किंवा पोराला विचारताना ‘कितव्या उंचवट्याला आदळली?’ हे विचार. उत्तर त्यातच मिळतं.

दुसरा स्क्रू कॉम्प्रेशनचा, म्हणजे शॉकअप दबण्याचा. तो वर, नायट्रोजनच्या डब्याजवळ असतो. भारी शॉकअपवर तो दोन भागांचा असतो: मधला छोटा स्क्रू लो-स्पीड आणि भोवतीचा नट हाय-स्पीड. हा स्पीड गाडीचा नव्हे, शॉकअपचा दांडा किती वेगाने आत शिरतो त्याचा. ताशी १० किलोमीटरने जाताना चाक धारदार दगडावर चढलं तरी दांडा वेगाने आत जातो. तिथे हाय-स्पीड लागतो. थ्रॉटल दिल्यावर मागचं टोक दबणं, वळणावर झुकणं, लांब लाटेसारख्या वाळूवर सावकाश बसणं, हे लो-स्पीडचं काम. उडी मारून उतरताना गाडी तळाला टेकत असेल तर हाय-स्पीड थोडा आवळ. सड्यावरच्या गोट्यांवरून दात वाजत असतील तर तो सैल कर. स्वस्त गाड्यांना हे स्क्रू नसतातच. तिथे हवा, बेअरिंग आणि सॅग एवढं बरोबर ठेवलंस तरी गाडी बरीच सुधारते.

शॉकअप किती वापरला जातोय हे डोळ्यांनी बघायची एक युक्ती आहे. दांड्यावर पातळ केबल टाय सैलसर बांध आणि सीलपर्यंत सरकव. नेहमीच्या वाटेवरून एक फेरी मार. टाय जिथे सरकून थांबला तेवढा दांडा आत गेला होता. सगळ्यात वाईट खड्ड्याला तो शेवटच्या रबराच्या जवळ पोहोचला पाहिजे, पण दर फेरीला रबरावर ठोकर बसता कामा नये. एक तृतीयांश दांडा न वापरता राहिला तर तू गाडी उगाच कडक ठेवली आहेस.

एका वेळी एकच बदल. दोन क्लिक, मग तीच वाट, तोच वेग, तोच माणूस. शॉकअप थोडा गरम झाल्यावरच निकाल धर, कारण तेल तापलं की पातळ होतं आणि सकाळचा कडक शॉकअप दुपारी मऊ लागतो. प्रत्येक बदल वहीत लिही: तारीख, वजन, हवा, सॅग, क्लिक, कशावर चालवली. मोबाइलमध्ये लिहिलेलं तेलकट हातांनी कोणी उघडून बघत नाही. गॅरेजच्या खिळ्याला टांगलेली वही सगळे बघतात.

तुझ्या धंद्यासाठी एक वेगळी गोष्ट. दर १५ मिनिटांनी नवा माणूस बसणार, प्रत्येकासाठी रिंग फिरवणं जमणार नाही. म्हणून गाड्या वाटून घे. एक गाडी ६० किलोच्या आतल्यांसाठी, दोन मधल्या वजनासाठी, एक ८५ च्या वरच्यांसाठी सॅग लावून ठेव. रिंगवर आणि शॉकअपच्या अंगावर रंगाची एक आडवी रेघ ओढ, म्हणजे रिंग सरकली तर लांबूनच दिसेल. तिकीट देताना वजन विचारायला लाजू नकोस. आणि एका माणसाच्या सीटवर दोन जण कधीच नाहीत, पुढे पोराला बसवूनही नाही. कोणी म्हणेल, रिंग आवळून घ्या, पेलेल. स्प्रिंग पेलेल, पण चालवणाऱ्याला अंग हलवायला जागा उरत नाही आणि सलग एक्सलची गाडी अंग हलवल्याशिवाय नीट वळत नाही. ते गिऱ्हाईक परत पाठव.

राहिलं खारं पाणी. शेवटची फेरी झाली की गोड्या पाण्याने धू, पण प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर मारू नको, वाळू आत ढकलली जाते. वाळल्यावर दांडा स्वच्छ फडक्याने पूस. त्यावर ग्रीस लावू नको, वाळू चिकटून सील कापते. आठवड्यातून एकदा दांड्यावर बोटाचं नख लांबीच्या दिशेने ओढ. नख कुठे अडकलं तर तिथे क्रोमवर खड्डा पडला आहे आणि तो खड्डा प्रत्येक हालचालीला सील खरवडतो आहे. तेलाचा ओलसर पापुद्रा चालतो. थेंब गळायला लागले की गाडी उभी कर.

डब्याच्या शॉकअपमध्ये जास्त दाबाचा नायट्रोजन असतो. तो दाब सोडल्याशिवाय शॉकअप उघडायचा नाही, त्याच्याजवळ वेल्डिंग किंवा गॅस कटर चालवायचा नाही, आणि निकामी झालेला शॉकअप तसाच भंगारात द्यायचा नाही. दाब कमी झाला तर टायरवाल्याची साधी हवा भरू नको, तिच्यात ओलावा असतो. हे काम शॉकअपचंच काम करणाऱ्याकडे दे. तेल आणि सील पावसाळ्यात, गाड्या उभ्या असताना बदलून घे आणि दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधी चारही गाड्यांचा सॅग पुन्हा मोजून वहीत लिही.